तुम्ही विचारलंत म्हणून: मुलासाठी काँडो घ्यावा का?

दर वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास, मुलांच्या कॉलेज-प्रवेशांचे निकाल हाती आले की मंडळात कोणी ना कोणी मला गाठतं. "तुम्ही अ‍ॅन आर्बरला मुलासाठी काँडो घेतला होता ना? परवडलं का? आम्हीही म्हणतोय, चार वर्षं भाडं कशाला भरायचं?"

काँडो म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, आणि अ‍ॅन आर्बर म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं विद्यापीठाचं गाव. आम्हाला परवडलं. पण आम्ही 2021 मध्ये घेतला होता. त्या जानेवारीत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 झाला. आपण स्वतः राहणार नसलो की बँक थोडा जास्त दर लावते, तसा आम्हालाही लावला, तरीही तो आजच्यापेक्षा फारच कमी होता. आमच्या फायद्यात हुशारीपेक्षा त्या दराचा वाटा मोठा. तेव्हा आमच्याकडे बघून ठरवू नका.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. मग व्याज कुठे जातं? समजा तीन लाख डॉलरचा काँडो, साठ हजार खिशातून, बाकी दोन लाख चाळीस हजारांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता सुमारे पंधराशे डॉलर. चार वर्षांत जवळजवळ त्र्याहत्तर हजार भरले जातात आणि त्यातून मुद्दल फिटते जेमतेम बारा हजार. आता विकायला काढा. एजंटांचं कमिशन पाच टक्के धरलं तर पंधरा हजार, वर मिशिगनचा राज्य आणि काउंटीचा हस्तांतरण कर मिळून अडीच हजारांच्या वर. म्हणजे फिटलेलं मुद्दल विक्रीतच संपलं, आणि खरेदीच्या वेळचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. किंमत चांगली वाढली तरच चार वर्षांत काही हाती लागतं, आणि ती वाढेल की नाही हे आपल्या हातात नसतं.

मालमत्ता कराबाबत मिशिगनची एक खास गोम आहे. 1995 पासून तिथे करपात्र मूल्य दर वर्षी महागाईच्या दराने, फार तर पाच टक्क्यांनी वाढतं. पण घर विकलं गेलं की ही मर्यादा उठते आणि मूल्य एकदम बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत चढतं. वीस वर्षं तिथे राहिलेल्या आजींचं कराचं बिल बघून तुम्ही हिशोब मांडलात तर फसलात. शिवाय मालक स्वतः राहत असेल तर शाळांसाठीच्या करातून 18 मिलची, म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरमागे अठरा डॉलरची, सूट मिळते. ती आईवडिलांच्या नावावरच्या काँडोला मिळत नाही. नुसता मुलगा राहतो एवढं पुरत नाही, मालकीत त्याचं नाव लागतं.

आणि हो, काँडो घेतला म्हणून मिशिगनच्या रहिवाशांची कमी फी लागू होत नाही. हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता मी आधीच सांगून टाकते. उलट आर्थिक मदतीच्या फॅफ्सा अर्जात आपलं राहतं घर धरत नाहीत, पण हा दुसरा काँडो, त्याचं कर्ज वजा करून, मालमत्तेत धरतात.

आता रूममेट. सगळ्यांच्या गणितात ते असतातच: दोन खोल्या, एकीत आपला, दुसरीतल्याच्या भाड्यावर हप्ता निम्मा. आधी एचओएचे, म्हणजे काँडोमालकांच्या संस्थेचे, नियम वाचा. किती काँडो भाड्याने देता येतील यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते. अ‍ॅन आर्बरमध्ये भाड्याच्या घराची शहराकडून तपासणी होते आणि प्रमाणपत्र घ्यावं लागतं. येणारं भाडं उत्पन्नात दाखवायचं. आणि मुलगा फुकट राहिला तर करखात्याच्या लेखी ते घर आपणच वापरल्यासारखं होतं, मग भाड्याच्या घराचा तोटा दाखवायला जवळपास वाव राहत नाही.

पण खरी अडचण कागदावरची नाहीच. एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच वेळी मित्र आणि घरमालकाचा मुलगा असतो. भांडी कोणी घासायची यावरचं साधं भांडणही "घर तुझ्या बाबांचं आहे, माहितीये" इथे येऊन थांबतं. मित्राचं भाडं थकलं तर आपला पोरगा ते आपल्याला सांगत नाही, आणि का सांगावं त्याने? म्हणून आमच्याकडे करार आमच्याशी, भाडं थेट आमच्या खात्यात, आणि गळक्या नळाचा फोनही आम्हाला. मुलाला वसुलीला लावायचं नाही हे पहिल्या दिवशी ठरवलं होतं. करार ऑगस्ट ते ऑगस्ट, पूर्ण बारा महिन्यांचा, कारण तिथली पद्धतच ती आहे. उन्हाळ्यात पोरं घरी गेली तरी हप्ता काही घरी जात नाही.

मग घ्या असं मी कोणाला सांगते? ज्यांचं धाकटंही दोन-तीन वर्षांत तिथेच जाण्याची शक्यता आहे, किंवा मुलं गेल्यावरही त्या गावात घरमालक म्हणून राहायची ज्यांची तयारी आहे. अ‍ॅन आर्बरला विद्यापीठाचं मोठं हॉस्पिटल आहे, रेसिडेन्सी करणारे डॉक्टर भाडेकरू म्हणून मिळतात. आमच्याकडे सध्या तशीच एक मुलगी राहते, आणि आम्ही विकलेला नाही तो याच कारणाने.

घ्यायचं ठरलंच तर एचओएचा राखीव निधी किती आहे ते बघा. मिशिगनमध्ये वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान दहा टक्के तो ठेवावा लागतो, पण जुन्या इमारतीचं छप्पर बदलायची वेळ आली की तेवढ्याने भागत नाही आणि प्रत्येकाच्या नावाने काही हजारांची वर्गणी निघते. सभांची इतिवृत्तं मागून घ्या. छप्पर, पार्किंग, विमा यांवरून वाद चाललेत का ते त्यात दिसतं. द्यायला टाळाटाळ झाली तर तो काँडो सोडा. ऑगस्टपर्यंत दुसरा नाही मिळाला तर पोरगं राहील एक वर्ष भाड्याने.