ताई, ३० घेऊ का ५०?

आमचं कऱ्हाडला मेडिकल आहे, मी फार्मसिस्ट, काउंटरला बहुतेक वेळा मीच असते. मार्च लागला की सनस्क्रीन घ्यायला आलेल्यांचा दिवसातून चार-पाच वेळा हा प्रश्न ठरलेला, "ताई, ३० घेऊ का ५०?" आणि त्याला जोडून दुसरा, "५० लावलं की दिवसभर चालेल ना?" मागे चारजण प्रिस्क्रिप्शन धरून उभे असतात त्यामुळे मी "५० न्या" म्हणून मोकळी होते. पण तुम्ही सारखं विचारता म्हणून आज जरा निवांत सांगते.

हा एसपीएफचा आकडा, म्हणजे सनस्क्रीन उन्हाच्या चटक्यापासून किती वाचवतं त्याचं माप, लॅबमध्ये माणसांच्या पाठीवर काढतात. पाठीच्या छोट्या चौकोनावर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावायचं, दिव्याने यूव्ही, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायचं की कातडी लाल व्हायला किती डोस लागला. क्रीमशिवाय जेवढा लागला त्याच्या ३० पट लागला तर एसपीएफ ३०, संपलं. म्हणजे पट आहे ती किरणांच्या डोसची, घड्याळाची नव्हे. "मला १० मिनिटांत चटका बसतो, मग ३० लावून ३०० मिनिटं काळजी नाही" असा हिशोब लोक अगदी आत्मविश्वासाने मांडतात, पण सकाळी आठचं ऊन आणि दुपारी एकचं ऊन सारखं असतं का? एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या यूव्हीचं माप, ११च्या वर जातो, वर घाम, रुमालाने तोंड पुसणं, हेल्मेटची पट्टी... उन्हात असाल तर दोन तासांनी परत लावायचं, मग ३० असो की ५०. आणि ३०चं सनस्क्रीन वर २०चं फाउंडेशन म्हणजे ५० होत नाही, हेही विचारतात म्हणून सांगितलं.

परवा एक कॉलेजचा मुलगा मोबाइल बघून आला होता, म्हणे ३० वालं ९७ टक्के अडवतं नि ५० वालं ९८, मग एका टक्क्यासाठी दीडशे रुपये जास्त का देऊ? मुद्दा चोख आहे, पण त्याने अडलेलं मोजलं, आत आलेलं नाही. ३० मधून आत येतात शंभरातले ३.३, ५० मधून २. भाजतात ते आत आलेले, आणि ते पाचातले दोन कमी झाले की. (शेवटी त्याने ३०चंच नेलं, वडिलांचं बजेट.)

मात्र हे सगळं ते २ मिलिग्रॅमवालं जाड लिंपण केलं तर. नुसत्या चेहऱ्याला साधारण सव्वा ग्रॅम लागतं, मान धरली तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढाल तेवढं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच फक्त चेहऱ्याला लावली तरी ४० दिवसांत संपायला हवी. आमच्या एक नेहमीच्या काकू मार्चमध्ये ट्यूब नेतात आणि दिवाळीच्या आसपास येऊन सांगतात, "अजून आहे गं थोडी, पण काही फरक नाही बघ." वाटाण्याएवढं घेऊन तोंडभर पसरलं की ५०चा आकडा डब्यावरच राहतो, निम्मं लावलं तर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. मी ५० देते ते खरं तर याच कारणाने, तुम्ही कमीच लावणार हे मला माहीत असतं.

काकूंना काय हसायचं, आम्ही तारकर्लीला गेलो तेव्हा चार माणसांना दोन दिवस मिळून एक छोटी ट्यूब मीच बॅगेत टाकली होती. पूर्ण अंगाला एका वेळेला ३५ मिली लागतं हे मला पाठ आहे, तरी. वॉटर रेझिस्टंट होती म्हणून बोटीतून उतरल्यावर परत लावली नाही, आणि ते लेबल असतं ४० किंवा ८० मिनिटांपुरतं. नवऱ्याचे कान आणि माझं नाक, आठवडाभर सालं निघत होती.

आता जे मला खरं सांगायचंय ते. एसपीएफ लालीवर मोजतात, म्हणजे मुख्यतः यूव्हीबी, यूव्हीतले कातडी भाजणारे किरण. आपल्याकडे "ताई, लाल झाले" म्हणून कोण येतं? येतात ते "काळी पडले", "वांग आलाय" म्हणून. त्यात यूव्हीए या यूव्हीच्याच दुसऱ्या प्रकाराचा हात मोठा, आणि यूव्हीए बंद काचेतूनही येतो. त्याच्यासाठी डब्यावर पीए (PA) बघायचं, जपानने १९९६ला सुरू केलेली खूण, अधिकची चिन्हं चारपर्यंत असतात, तीन-चार असतील तेच घ्या. वांग असेल तर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही तो गडद होतो, तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी, पांढरं क्रीम कितीही आकड्याचं असो. आणि आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, माझ्या काउंटरवर वांग बरा होत नाही.

बाकी छापलेल्या आकड्यावर तरी किती विसंबायचं? २०२५ला ऑस्ट्रेलियात चॉइस नावाच्या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन तपासली, १६ लेबलवरच्या आकड्याला पोचली नाहीत, त्यातलं एक ५०+ वालं तर ४ निघालं, चाळीस नाही, चार. आणि हा देश सनस्क्रीनच्या नियमांत चांगलाच कडक समजला जातो.

म्हणून मी स्वतः चेहऱ्याला दोन बोटं लावते आणि स्कूटीवर बसताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा पूर्ण अवतार करते, ज्याला माझी मुलगी डाकू म्हणते. त्याला दोन तासांनी परत लावायची भानगड नाही. सनकोट आमच्याकडे मिळत नाही, चौकात रस्त्याकडेला हँगरला टांगलेले असतात तिथे बघा, जाड सुती घ्या, हात बोटांपर्यंत येणारा.