सेन्सर तीन तारांचा, भानगड न्यूट्रलची

नागपुरातली चार मजली कमर्शियल बिल्डिंग. खाली दुकानं, वर कोचिंग क्लासेस आणि ऑफिसं. जिने, पॅसेज, टॉयलेट आणि स्टोअर रूम यांचे दिवे दिवसरात्र चालू, कारण बंद कोणी करायचे हे कधी ठरलंच नव्हतं. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी मोशन सेन्सरचं, म्हणजे माणूस आला की दिवा लावणाऱ्या आणि गेला की बंद करणाऱ्या सेन्सरचं काम मला दिलं आणि वर म्हणाले, "भाऊ, तीनच तर वायर जोडाच्या आहेत. एवढा वेळ काहून लागते?"

तीनच असतात, हे खरं. फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि दिव्याकडे जाणारा आउटपुट. पण आम्ही आणलेल्या सेन्सरच्या शेपटीत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे आउटपुट. बिल्डिंगच्या जुन्या वायरिंगमध्ये मात्र लाल, पिवळी, निळी या तीन फेज आणि काळी न्यूट्रल. रंग बघून निळीला निळी जोडली, तर न्यूट्रलच्या जागी दुसरी फेज येऊन बसते आणि २३० व्होल्टच्या सेन्सरवर ४०० च्या आसपास व्होल्टेज पडतं. पोरांना आधीच बजावलं होतं: रंगावर जायचं नाही, टेस्ट लॅम्प लावून बघायचं. निऑन टेस्टर शेजारच्या वायरच्या इंडक्शननेही मिणमिणतो, त्याच्यावर भरवसा नाही.

दुसऱ्या मजल्याचं फॉल्स सीलिंग उघडलं तेव्हा खरं चित्र दिसलं. लांब पॅसेजचे अर्धे दिवे आर म्हणजे लाल फेजवर, अर्धे वाय म्हणजे पिवळ्या फेजवर. एक फेज गेली तरी पूर्ण अंधार होऊ नये म्हणून केलेलं असणार. विचार वाईट नव्हता. पण एवढ्या पॅसेजला एक सेन्सर पुरत नाही. अडीच-तीन मीटर उंचीवर बसवलेला सीलिंग सेन्सर साधारण सहा मीटर व्यासाचं वर्तुळ बघतो. म्हणून दोन-तीन सेन्सर पॅरलल जोडतात, म्हणजे कोणीही माणूस पाहिला तरी सगळे दिवे लागतात. हे पॅरलल फक्त एकाच फेजवर, एकाच एमसीबीवर (सर्किटचा ऑटोमॅटिक पडणारा स्विच) चालतं. दोन फेजचे आउटपुट एकत्र आले आणि दोन्ही सेन्सरमधले रिले, म्हणजे आतले स्विच, एकाच वेळी ओढले गेले, की फेज टू फेज शॉर्ट. त्यामुळे आधी सगळे पॅसेज लाईट एका फेजवर आणले आणि मगच सेन्सर हातात घेतले. इमर्जन्सी लाईट आणि जिन्यातला प्रत्येक मजल्याचा एक दिवा सेन्सरवर घेतलाच नाही. सेक्रेटरींना ते पटत नव्हतं. पण क्लास सुटल्यावर पन्नास पोरं एकदम जिन्यात येतात, तिथे सेन्सर बिघडलेला चालणार नाही.

मग आला न्यूट्रल. लाईटिंगच्या डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डात, पूर्वी आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) नव्हता. या कामात ३० मिलीअँपचे नवे बसवले. दिवे बंद असेपर्यंत सगळं शांत. टॉयलेटच्या सेन्सरने दिवा लावला, की ऑफिसच्या बाजूचा आरसीसीबी खट्. दुकानदारांचं म्हणणं, सेन्सरच खराब आहे. सेन्सरचा काही दोष नव्हता. आधीच्या वायरमनने टॉयलेटला फेज एका सर्किटची दिली होती आणि न्यूट्रल जवळ मिळाला म्हणून शेजारच्या सर्किटचा उचलला होता. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो. एका वाटेने गेलेला करंट दुसऱ्या वाटेने परतला की तो पडणारच. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरची, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीवरची, एकेक काळी वायर सोडली, मल्टिमीटरने कुठली कुठे जाते ते बघितलं आणि प्रत्येकीला नंबरची पट्टी गुंडाळली. सबंध कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि बिलात हेच दाखवता येत नाही.

सेन्सर कुठला, हा प्रश्न जागेप्रमाणे सोडवला. पीआयआर, म्हणजे इन्फ्रारेडवर चालणारा सेन्सर, अंगाच्या उष्णतेची हालचाल बघतो. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही आणि त्याच्याकडे सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस लवकर दिसतो. टॉयलेटमध्ये दार लावून बसलेला माणूस त्याच्या हिशोबी नसतोच, मग आतून ओरडा ऐकू येतो. तिथे मायक्रोवेव्ह लहरींवर चालणारे सेन्सर लावले, ते प्लायच्या पार्टिशनमधूनही पकडतात. एसीच्या ग्रिलसमोर मात्र पीआयआर बसवू नये, हवेच्या झोताने उगाच लागत राहतो.

सेन्सरवर १० अँप लिहिलेलं असतं, तो आकडा साध्या रेझिस्टिव्ह, म्हणजे हीटरसारख्या लोडचा. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. पॅनल लाईट जास्त झाले की रिलेचे पॉइंट चिकटतात आणि दिवे कायमचे चालू राहतात. जिथे फिटिंग जास्त होते तिथे सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जास्त लोड झेलणाऱ्या मोठ्या रिलेची, कॉइल चालवायची, लोड कॉन्टॅक्टरवर. त्याचा खर्च मी पहिल्याच कोटेशनमध्ये धरला होता. त्यावरून घासाघीस झाली, पण मी सोडलं नाही.

सेटिंग करताना टाइमची कळ सगळ्यात कमीवर, लक्सची, म्हणजे उजेडाची, सूर्याच्या चित्राकडे, म्हणजे दिवा भर दिवसाही लागतो. सप्लाय दिल्यावर मिनिटभर थांबायचं. तोवर सेन्सर मनाला येईल तसा वागतो. मग एकाने चालायचं, दुसऱ्याने दिवा कुठे लागतो तिथे खडूने खूण करायची. वॉचमन काका आमच्याकडे बघून म्हणाले, "हे काय लंगडी खेळून राहिले का जी?" शेवटी टाइम वाढवून दिला. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या, म्हणजे ईसीबीसीच्या, २०१७ च्या आवृत्तीत माणूस गेल्यावर दिवा बंद व्हायला जास्तीत जास्त १५ मिनिटं दिली होती. जिना आणि पॅसेजला पाच ठेवली, टॉयलेटला दहा.

मे महिन्यात फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये दुपारी दिवे लागेनात. सकाळी आणि रात्री ठीक. स्लॅब तापून भिंतीच अंगाइतक्या गरम झाल्यावर पीआयआरला माणूस आणि भिंत यांत फरक दिसत नाही. तो काढून मायक्रोवेव्ह लावला, तर क्लासच्या काचेच्या दाराआड फळ्यासमोर येरझाऱ्या घालणाऱ्या सरांमुळे पॅसेज उजळायला लागला. सेन्सिटिव्हिटी निम्म्याच्या खाली आणली आणि सेन्सर दारापासून दोन फिटिंग पुढे सरकवला. अजून तक्रार नाही.