पाच हजारवाली वारीत

आमच्याकडे मुलीची ओळख करून देताना गाव सांगतात, आडनाव सांगतात. माझं टायमिंग सांगायचे. 'ही पाच हजारवाली.' म्हणजे पाच हजार मीटर, चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या. कॉलेजचा प्रवेश, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, पेपरातला फोटो, सगळं त्या फेऱ्यांच्या जोरावर. मग टाचेमागची शीर दुखावली आणि डॉक्टरांनी स्पर्धा बंद सांगितल्या. चालायला हरकत नाही म्हणाले. आईची मावशी दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर जाते. आईनं मला तिच्या गळ्यात बांधलं. दिवसभर तोंड पाडून बसलेली मुलगी घरात कुणाला हवी असते!

पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. चढ लागला तसे माझे पाय सुटले. आमच्या पताकावाल्यांनाही मागं टाकलं तेव्हा एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं हटकलं, "कुठं निघालीस गं माउली? दिंडी मागं राहिली की."

रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे. प्रत्येकीचा क्रमांक वर्षानुवर्षं ठरलेला. आमची दिंडी रथामागची. आळंदीत जो नंबर, तोच सासवडला, तोच वाखरीला. मी आजवर पळाले ते नंबर बदलण्यासाठी. इथं तो बदलला तर भांडण! मुक्कामी सगळ्या दिंड्यांची मिळून समाजआरती असते. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे गप्प. तक्रार असलेली दिंडी मात्र तरीही टाळ वाजवत राहते, दाद लागेपर्यंत. मला हे फार आवडलं.

पण खरं सांगायचं तर पळणाऱ्याला हळू चालणं जड जातं. विसावा, नैवेद्य, मध्येच थांबून अभंग. उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या. आणि टायमिंग कुणी विचारेना. गाव कुठलं, भाकरी थापता येते का, एवढंच. शेवटी न राहवून मीच एकीला सांगितलं की मी राष्ट्रीय स्पर्धेत पळालेय. ती म्हणाली, "बरं झालं. मग टँकर आला की पळत जाऊन नंबर लावत जा." तेव्हापासून दिंडीचे हंडे माझ्याकडे.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतात. त्या गर्दीत मला टाचांशिवाय फारसं काही दिसलं नाही. सदाशिवनगरचं, म्हणजे पुरंदावड्याचं गोल रिंगण मात्र पक्कं आठवतं. पताकावाले पळाले, मग तुळशीवाल्यांची पाळी. मावशीआजीनं वृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं. "जा. माझे गुडघे नको म्हणतात."

मान स्थिर ठेव म्हणून कोच घसा बसेपर्यंत ओरडायचे. डोक्यावर तुळस आली की मान आपसूक स्थिर राहते. एक हात वृंदावनाला, त्यामुळे हातांचा झोका अर्धाच. पाऊल छोटं पडतं, शीर ताणली जात नाही. कुंडीतली ओली माती माझ्या भुवईवर ओघळत होती. माझ्या पुढं साठीची एक नऊवारीतली बाई होती. सवयीनं तिला गाठायला मी पाऊल वाढवलं, तशी तुळस डुगडुगली. मुकाट्यानं तिच्या मागं आले. थांबलो तेव्हा मी चक्क शेवटची रेषा शोधत होते. गोलात पहिलं कोण आणि शेवटचं कोण? धाप लागली होती, बऱ्याच महिन्यांनी, आणि छातीत ती ओळखीची आग होती.

मग अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व सुटले. एकावर पताका घेतलेला स्वार, माउलींच्या अश्वाची पाठ रिकामी, तिथं माउली स्वतः बसतात म्हणून. ते गेले तशी माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला आत धावली, मावशीआजीही. गुडघे कुठं गेले होते कोण जाणे!

वेळापूरच्या उतारावरून सगळे धावत सुटतात, त्याला 'धावा' म्हणतात. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. मी चालत उतरले, शीर कुरकुरत होती.

वाखरीच्या मुक्कामात दिंडीच्या वहीत पुढच्या वर्षाची नावं आणि भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, घेत होते. नावापुढं कामाचा रकाना. मावशीआजीनं मला न विचारताच सांगितलं, "पाणी."

मी म्हटलं, रिंगणाची तुळसही माझ्याकडे.

"ते बघू," म्हणाली.