आप्पांच्या गोळ्या आणि वर्षाचे 120 रुपये

आमच्या स्वयंपाकघरात फडताळावर स्टीलचा एक चौकोनी डबा आहे. पूर्वी त्यात मोहरी-जिरं असायचं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तो उघडून मी आप्पांच्या एका महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब वहीत मांडला. शुगरच्या दोन, एम्पाग्लिफ्लोझिन 1,800 रुपये आणि सिटाग्लिप्टिन-मेटफॉर्मिनची जोडगोळी 960, बीपीची टेल्मिसार्टन 210, कोलेस्टेरॉलची 170. एकूण 3,140. आईच्या थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्यांचे 340 वेगळे. आणि आप्पांची पेन्शन 2,216 रुपये.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत त्यांनी सत्तावीस वर्षं मोल्डर म्हणून काम केलं. पेन्शन आणि गोळ्या यांतला फरक मी भरत होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण महिनाअखेरीला आप्पा रात्रीची गोळी परत पाकिटात सरकवताना मला दिसले. विचारलं तर म्हणाले, "एक दिवस नाही घेतली तर काय होतंय की. पुरवून पुरवून घ्यायच्या." शुगर 280 वर गेली होती ती ह्या पुरवण्यामुळे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवाळीत भाऊ चाकणहून आला, येळ्ळूरची आत्या आली, आणि फराळापेक्षा विम्याच्याच गोष्टी जास्त झाल्या. ज्याच्या त्याच्याकडे एक कार्ड होतं.

भावाचं म्हणणं, खाजगी पॉलिसी काढू. पण बासष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाला तेव्हा जुन्या आजारासाठी चार-चार वर्षं थांबायला सांगत होते, आणि हप्ता ऐकूनच आई आत निघून गेली. काकांनी यशस्विनीचं सांगितलं, कर्नाटकातली सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठीची आरोग्य योजना. आमच्या नावावर थोडी जमीन आहे, आप्पा गावच्या सोसायटीचे सभासद आहेत, त्यामुळे ते जमण्यासारखं होतं. खेड्यातल्या चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला 500 रुपये आणि 5 लाखांपर्यंत कॅशलेस ऑपरेशन. चांगली योजना आहे, आम्ही ती घेतलीही. आमचं रेशनकार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, त्यामुळे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात आम्हाला पॅकेजच्या 30 टक्केच मिळणार, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. बीपीएलवाल्यांना पूर्ण 5 लाख.

आत्याने महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचा विषय काढला. महाराष्ट्र सरकारने 2023 साली ती सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा तिच्या गल्लीत फार आशा लागली होती. मग कर्नाटकाने आक्षेप घेतला, आणि दोन सरकारांच्या त्या भांडणात माणसांच्या हातात फक्त बातम्यांची कात्रणं राहिली. आत्याचे गुडघे गेले आहेत. तिच्यासारख्या बाईला कुठल्या राज्याच्या कागदावर उपचार मिळतो याचं सोयरसुतक नसतं, तिला चालायचं असतं. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण आमच्याकडे दवाखान्याचा प्रश्नसुद्धा शेवटी सीमाप्रश्न होऊन बसतो.

पण त्या दिवशी सगळी कार्डं समोर मांडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ह्यातलं प्रत्येक कार्ड आप्पा ॲडमिट झाले तरच कामाचं. आयुष्मानमध्ये गोळ्या मिळतात त्या भरती व्हायच्या आधीच्या तीन दिवसांच्या आणि सुटी झाल्यावरच्या पंधरा दिवसांच्या. रोज सकाळ-संध्याकाळच्या, जन्मभराच्या गोळ्यांचं काय? हार्टचं ऑपरेशन फुकट होईल, पण ते टाळणारी गोळी स्वतःच्या खिशातून घ्यायची. ह्या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

मी उद्यमबागेतच एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरते: पगाराच्या हिशेबाने कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडचे एक फिटरमामा रिटायर व्हायला आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, ईएसआयचा दवाखाना आता बंद व्हायचा काय माझा?" उत्तर द्यावं म्हणून मी नियम काढून वाचला.

पाच वर्षं तरी विमाधारक राहिलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर महिना 10 रुपयांप्रमाणे वर्षाचे 120 रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि बायकोसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवू शकतो. तपासणी आणि औषधं, दोन्ही. आपल्याकडच्या सरकारी विम्यात बाह्यरुग्णाला रोजच्या गोळ्या देणारा मला माहीत असलेला हा एकच.

मी दोनदा वाचलं. आप्पा डिसेंबर 2021 मध्ये रिटायर झाले होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं आम्ही मेडिकलवाल्याला पैसे मोजले, आणि मी रोज हेच कागद हाताळत होते. मला त्याचं अजून वाईट वाटतं. माझा पगार 21,000 च्या वर असल्यामुळे मी स्वतः ईएसआयमध्ये नाही. मी असते तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही सेवा मिळाली असती, त्यांचं उत्पन्न महिना 9,000 च्या आत आहे म्हणून. हे मला आधीपासून माहीत होतं. निवृत्त माणसाचा नियम मात्र कधी डोळ्यांसमोर आलाच नाही.

पुढचं काम कागदांचं. आप्पांच्या जुन्या कारखान्यातून निवृत्तीचं पत्र हवं होतं. साधं एका पानाचं पत्र, त्यासाठी चार महिने गेले. साहेब नाहीत, शिक्का नाही, पुढच्या सोमवारी या. सत्तावीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस गेटवर सिक्युरिटीच्या खुर्चीशेजारी उभा राहायचा. शेवटी मी पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून नेला आणि सही होईपर्यंत तिथून हलले नाही.

दुसरी अडचण नावाची. सीमाभागात राहणाऱ्या कुणालाही ही समजेल. शाळेचा दाखला मराठीत, तिथे 'यल्लाप्पा'. आधार कन्नड-इंग्रजीत, त्यावरून 'येल्लप्पा'. ईएसआयच्या जुन्या कार्डावर इंग्रजीत एक 'एल' कमी. एक माणूस, तीन स्पेलिंगं. प्रतिज्ञापत्र करून आणलं तेव्हा कुठे कार्ड झालं. मार्च 2024 मध्ये 120 रुपये भरले.

पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खिडकीवर पाटी कन्नडमध्ये, आतल्या बाई पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढत होत्या, सकाळची आणि रात्रीची ओळखायला. "ऊटा आद मेले, अज्जा," असं त्यांनी दोनदा सांगितलं, जेवण झाल्यावर घ्या म्हणून. आप्पांनी मान डोलावली. फौंड्रीत अर्धे सोबती कन्नडच होते, त्यांना अडत नाही. पिशवीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, ॲटोरव्हास्टॅटिन, आणि आईची थायरॉइडची बाटली. पंधरा दिवसांच्याच मिळाल्या, पण एक रुपया लागला नाही. रस्त्यात आप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र आईला हाक मारून त्यांनी प्रत्येक पाकीट डब्यात स्वतः लावलं.

सगळं मिळतं असं नाही. सिटाग्लिप्टिन कधी असते, कधी नसते. नसली की मी जनऔषधी केंद्रातून आणते. तिचं पेटंट 2022 मध्ये संपलं आणि त्याच वर्षी ती जनऔषधीत आली: साधी 50 मिलिग्रॅमची 10 गोळ्यांना 60 रुपये, मेटफॉर्मिनबरोबरची 65. त्या भावाने आप्पांच्या महिन्याच्या 60 गोळ्यांना 390 पडायचे, पूर्वी 960 जात होते. 2025 च्या मे महिन्यात सरकारी रुग्णालयांच्या आवारातली जनऔषधी केंद्रं बंद करायचा आदेश कर्नाटक सरकारने काढला. रुग्णालयात औषध फुकट देतोच, मग दुकान कशाला, असं कारण. फुकटचं औषध संपलेल्या दिवशी तिथेच शेजारी स्वस्त औषध मिळणं किती मोलाचं असतं, हे आदेश काढणाऱ्यांनी एकदा रांगेत उभं राहून बघायला हवं होतं.

एम्पाग्लिफ्लोझिन दवाखान्यात मिळालीच नाही. वर्षभर ते 1,800 आम्ही भरत राहिलो, कारण डॉक्टरांनी हृदयासाठी ती बंद करू नका म्हणून बजावलं होतं. मार्च 2025 मध्ये तिचंही पेटंट संपलं. काही दिवसांतच मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची पट्टी पुढे केली, गोळीला 10 रुपये. मी लगेच घेतली नाही. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी "चालेल, तेच औषध आहे" असं कळवल्यावर घेतली. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, आणि आईला तो रंगच पाठ असतो. गेल्या महिन्यात गुलाबी गोळी पांढरी झाली तर तिने ती दोन दिवस बाजूला ठेवली होती. आता नवीन पट्टी आली की जुन्या पट्टीचा रिकामा तुकडा मी तिच्याबरोबर रबराने बांधून ठेवते.

ह्या महिन्यात आप्पांच्या गोळ्यांना 300 रुपये लागले. सिटाग्लिप्टिन ह्या वेळी दवाखान्यातच मिळाली. शुगर उपाशीपोटी 132. पाकिटात परत सरकवलेली गोळी आता दिसत नाही. मी अधूनमधून मोजते.

उद्यमबाग, मच्छे, मजगाव, अनगोळ भागात ज्यांच्या घरी ईएसआयमधून रिटायर झालेलं कुणी असेल, त्यांनी निवृत्तीचं पत्र आणि आधार घेऊन ईएसआयच्या शाखेत एकदा विचारून यावं. बायकोचा फोटो सोबत न्यावा. नावाचं स्पेलिंग आधी घरीच सगळ्या कागदांवर ताडून बघावं, आमच्यासारख्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

फिटरमामांचं पत्र आमच्या कारखान्याने शेवटच्या पगारासोबतच दिलं. मीच टाइप केलं होतं.