तंजावर: वीस मिनिटांत उरकलेली भिंत

तंजावरला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी एक विनंती आहे. बृहदीश्वराचं शिखर मान वर करून बघून झालं, नंदीसमोर फोटो काढून झाला, की लगेच चपला शोधायला निघू नका. आवाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या ओवऱ्यांकडे चला. तिथल्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेत, भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली बाबूराव चिटणीसांकडून तो लिहवून घेतला आणि दगडात उतरवला. महाराष्ट्रापासून इतक्या दूर एवढा लांबलचक मराठी मजकूर दगडावर सलग उभा आहे, आणि आपलीच माणसं त्याच्याकडे पाठ करून शिखराचे फोटो काढत असतात. मला हे फार लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

मुळात हे मंदिर एका किल्ल्याच्या आत आहे, हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रस्त्यावरून आत शिरताना आपण खंदक ओलांडतो आणि तटबंदीतून आत जातो. हा शिवगंगेचा कोट, इथल्या लोकांच्या भाषेत धाकटा किल्ला. सोळाव्या शतकात, मराठ्यांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या नायक राजांनी मंदिराभोवती तो बांधला. पहिला दरवाजा मराठ्यांच्या काळातला आहे. त्याच्यामागे हे मंदिर बांधणाऱ्या राजराज चोळाची दोन भक्कम गोपुरं येतात आणि मग एकदम ते विस्तीर्ण फरसबंद आवार समोर उघडतं. अठराव्या शतकात या तटांनी वेढे झेलले. १७७३ मध्ये अर्काटचा नवाब आणि इंग्रज कंपनी यांच्या फौजांनी तंजावर घेतलं, तुळजाजीराजे कैदेत पडले आणि राज्य परत मिळायला तीन वर्षं गेली. आज खंदकात झुडपं माजली आहेत. तटाकडे मान वळवणारा माणूस मला तरी त्या सकाळी दिसला नाही.

फेब्रुवारी होता, तरी नऊ वाजताच फरशी तापायला लागली होती. अनवाणी चालायचं तर साडेसहा-सातलाच पोहोचा. तेव्हा दगड गार असतो, गर्दी नसते आणि विमानाचा, म्हणजे गाभाऱ्यावरच्या त्या शिखराचा, ग्रॅनाइट हळूहळू सोनेरी होताना बघायला मिळतो. दोनशे फुटांहून उंच असलेलं हे विमान १०१० मध्ये पूर्ण झालं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथे अजूनही सांगितलं जातं. सावली आमच्यासमोर जमिनीवर स्वच्छ पडलेली होती आणि सांगणारे तिच्यातच उभे होते. या गोष्टीपायी खरी थोर गोष्ट सांगायची राहून जाते, याचं मला वाईट वाटतं. विमानाच्या जोत्यावर चहूबाजूंनी तमिळ लेख आहेत. आपण दिलेलं, थोरल्या बहिणीनं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं दान या दगडावर कोरा, अशी राजराजानं आज्ञाच केली होती. सोन्याच्या भांड्यांची वजनं त्यात आहेत. मंदिरासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, आणि कोणती कोणत्या गल्लीत कितव्या घरात राहते हेसुद्धा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा घरचा पत्ता! जिथे लिहून ठेवण्याची रीत बांधणाऱ्यानंच घालून दिली, तिथे आठशे वर्षांनी दुसऱ्या एका राजानं आपल्या भाषेत लिहवून घेतलं. त्यानं जोत्यावरच्या चोळांच्या अक्षरांना हात लावला नाही. स्वतःचा लेख बाहेरच्या ओवरीत कोरवला आणि मंदिराची डागडुजीही केली. सरफोजीराजांबद्दल मला जे प्रेम वाटतं, ते यामुळे.

मी त्या भिंतीपाशी बराच वेळ होते. अक्षरं लहान आहेत, ओळी दाट आहेत, काही ठिकाणी झिजल्या आहेत. वळण जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे पहिल्यांदा नुसती नक्षी दिसते. डोळा सरावला की एखादं नाव वर येतं. मग दुसरं. तेवढ्यात मराठी आवाज आले. साताऱ्याकडचा एक गट होता, तीस-पस्तीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या. त्यांच्याबरोबरचा तरुण मुलगा घड्याळ दाखवत होता. "वीस मिनिटं म्हणलो होतो, चला, बस लावून ठेवलीय."

गटातल्या एक आजी दमून ओवरीच्या पायरीवर टेकल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, तुमच्या मागं बघा. मराठी लिहिलंय."

त्यांना आधी पटेना. "हितं? मराठी?" चष्मा पुसून त्या उठल्या. भिंतीला हात लावू नये, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. बोट वीतभर लांब धरूनच त्या अक्षर अक्षर जुळवायला लागल्या. शाळा चौथीपर्यंत, असं म्हणाल्या. एक ओळ सुटली, दुसरी सुटली. मग एका जागी बोट थांबलं आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ए-को-जी." माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोण गं?"

मी सांगितलं, शहाजीराजांचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, व्यंकोजीही म्हणतात त्यांना. तंजावरचं राज्य त्यांनी सुरू केलं आणि ते १८५५ पर्यंत त्यांच्या वंशात राहिलं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडं या! आपल्या म्हाराजांचा भाऊ हाय हितं!" आजोबा आले. त्यांच्यामागून आणखी चौघं आली. कुणी मोबाइलचा दिवा लावला, कुणी फोटो मोठा करून वाचायला लागलं. एका ओळीत 'पुत्र' सापडलं, तर सगळ्यांना केवढा आनंद! पाच-सात मिनिटं ती भिंत खरोखर वाचली जात होती. मग त्या मुलानं शिट्टी वाजवली. आजी जाताना तीनदा मागे वळल्या. "आदुगर सांगितलं असतं तर सकाळपास्नं हितंच बसलो असतो," म्हणाल्या.

तो मुलगा त्याच्या कामात चोख होता, त्याला दोष देत नाही. पण कार्यक्रम आखणाऱ्यांचा मला राग आला. त्याच गटाला आदल्या दिवशी एका साड्यांच्या दुकानात दोन तास थांबवलं होतं, हे आजोबांनीच सांगितलं. राजवाडा त्यांच्या यादीत नव्हताच.

राजवाडा इथून जेमतेम दीड किलोमीटर आहे. रिक्षा करू नका, चालत जा. कोटाबाहेर पडल्यावर मी आधी शिवगंगा बागेच्या बाजूला वळले, कारण तिथलं श्वार्ट्झचं चर्च बघायचं होतं. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी सरफोजींचा पालक आणि शिक्षक होता. तुळजाजीराजांनी सरफोजींना दत्तक घेतलं आणि मृत्यूपूर्वी हा मुलगा श्वार्ट्झच्या हाती सोपवला. पुढे गादी बळकावली गेली, मुलाला मद्रासला ठेवावं लागलं, आणि १७९८ मध्ये राज्य मिळायच्या काही महिने आधीच हा म्हातारा गेला. चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समननं संगमरवरात कोरलेलं स्मारक आहे. श्वार्ट्झ बिछान्यावर आहे आणि तरुण सरफोजीराजे त्याचा हात हातात घेऊन उभे आहेत. त्याच्या समाधीवरची इंग्रजी कविता स्वतः राजांची. मराठा राजा, जर्मन पाद्री, इंग्रज शिल्पकार आणि बाहेर तमिळमध्ये गप्पा मारणारे रखवालदार. मला तंजावर असंच आवडतं.

पुढचा रस्ता सुखाचा नाही. जुन्या बसस्थानकाच्या आसपास पदपथ दुकानांनी गिळलेत, हॉर्न थांबत नाहीत, आणि ऊन डोक्यावर येतं. एका कोपऱ्यावर पितळी वाटीत उंचावरून ओतलेली फिल्टर कॉफी घेतली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. साउथ मेन स्ट्रीटला लागलं की मात्र चाल मंदावते. हा भाग जुन्या मोठ्या किल्ल्याच्या आतला, चार राजरस्त्यांचा. मान डोलावणाऱ्या बाहुल्या, सोन्याच्या वर्खाची चित्रं, तांब्यावर चांदी बसवलेली ताटं दुकानांतून मांडलेली दिसतात. फणसाच्या लाकडातून वीणा कोरणारे कारागीर याच शहरात आहेत. एका दारात वीणेचा अर्धवट कोरलेला लाकडी भोपळा पालथा ठेवलेला होता आणि आत ओल्या लाकडाचा वास होता.

राजवाड्याची अवस्था बघून वाईट वाटतं. रंग उडालेला, एका भागाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही, आणि कुठून कुठे जायचं ते सांगणारी पाटी सापडत नाही. पण नायकांच्या दरबार हॉलमधलं कलादालन हे सगळं विसरायला लावतं. १९५१ पासून इथे चोळांच्या धातुमूर्ती ठेवल्या आहेत. तिरुवेंकाडूच्या जमिनीतून निघालेला वृषवाहन शिव बघण्यासाठी पुन्हा इतका प्रवास करायला मी तयार आहे. मूर्ती १०११ सालची. एक पाय दुसऱ्यावर आडवा टाकून देव सहज उभा आहे, जटांचा सापांसकट फेटा बांधलाय आणि उजवा हात नंदीवर टेकवलाय. नंदी नाही. तो हरवला. तरी हात हवेत लटकल्यासारखा वाटत नाही, इतका त्या शरीराचा भार खरा आहे. मी तिन्ही बाजूंनी बघितलं. पाठ तर समोरून दिसणाऱ्या रूपापेक्षाही सुंदर आहे.

याच वास्तूत पांढऱ्या संगमरवरातले सरफोजीराजे हात जोडून उभे आहेत, डोक्यावर उंच टोकदार पगडी. शाळेची मुलं त्यांच्या पायाशी डबे ठेवून पुढे गेली.

शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय. त्याच्या छोट्या संग्रहालयात मी दुपारची जेवणाची वेळ विसरले. सरफोजीराजे डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून घेत आणि प्रत्येक रोग्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र नोंदीसह ठेवत. त्यांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. त्यांच्या आधी एकोजींचे पुत्र शहाजीराजे (शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) इथे मराठी नाटकं लिहीत होते, विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या १८४३ च्या प्रयोगाआधी दीडेकशे वर्षं. ग्रंथालयात तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग भरतात, दरवर्षी मुलं परीक्षा देतात. त्यांच्यातल्या कुणाला खरोखर वाचायला जुना कागद हवा असेल, तर एका सुटीत इथे या, ग्रंथालयाला आधी पत्र लिहून परवानगी मागा. राहायला रेल्वे स्टेशनजवळ साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात. मंदिराचा गाभारा दुपारी बंद असतो, म्हणून सकाळ कोटात घालवा, राजवाडा नंतर ठेवा, आणि भिंत वाचायला एक छोटी विजेरी बरोबर आणा.