पाटणादेवीच्या रानातली अर्ध्या दिवसाची पायवाट

कार्तिकात सकाळच्या हवेत गारवा येऊ लागला की आमच्या घरी पाटणादेवीचा विषय निघतो. या वेळी गुडघ्यांनी थकलेली आई आणि ताईची दोन्ही मुले बरोबर येणार आहेत, म्हणून बेत जरा बारकाईने आखला आहे. रानात चालायची हौस आहे, पण गड चढण्याची ताकद किंवा इच्छा नाही, अशा खानदेशातल्या इतर कुटुंबांनाही तो उपयोगी पडेल. वडीलधारी माणसे आणि लहान मुले बरोबर असताना किती दूर जायचे यापेक्षा किती वाजता मागे फिरायचे हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

पाटणादेवी चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. भोवतालचे जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग असून १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरले आहे. धुळे किंवा जळगावहून रेल्वेने चाळीसगावला उतरून पुढे वाहनाने जाता येते. मंदिर पायथ्याशीच असल्यामुळे चालण्याची सुरुवात चढाने होत नाही, आणि आईला घेऊन जाताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आम्ही केदारकुंड धबधब्याच्या वाटेने जाणार आहोत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरली गेलेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी याच डोंगरात आहेत, त्यामुळे तीही याच फेरीत उरकण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु पाटणादेवीकडून तिथवर जायचे म्हणजे चढण आली. लेण्यांसाठी दुसरा दिवस काढावा आणि कन्नडच्या बाजूने गाडीरस्त्याने जाऊन पायऱ्या उतराव्यात.

दिवसाची निवड वाटेइतकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. त्यात हे पानझडीचे जंगल असल्यामुळे सावलीची जेव्हा सर्वाधिक गरज असते, तेव्हाच सालई आणि धावडा उघडे पडलेले असतात. पावसाळ्यात धबधबा भरात असतो, पण नाल्यांचा भरवसा धरता येत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगाव परिसरात पूर आला, हे आम्ही कोणी विसरलेलो नाही. डोक्यावर आभाळ मोकळे असले तरी वर डोंगरात पडलेले पाणी खाली यायला वेळ लागत नाही, म्हणून नाल्याचे पाणी गढूळ दिसले तर मुलांना घेऊन तो ओलांडू नये. कार्तिक ते पौष हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. नवरात्रात येथे भाविकांची मोठी गर्दी असते. ते दिवस देवीसाठी राखावेत, रानासाठी नव्हे.

सकाळी लवकर पोहोचायचे, वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून रीतसर प्रवेश घ्यायचा, आणि प्रथम देवीचे दर्शन, कारण त्याशिवाय आई पुढे पाऊल टाकणार नाही. आठला चालायला लागायचे आणि साडेनऊ वाजता, कुंड गाठलेले असो वा नसो, मागे वळायचे. वेग आईचा. मुलांनी पुढे धावायचे नाही, सर्वांनी एकत्रच चालायचे, कारण हे बिबट्याचे रान आहे. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर आरडाओरडा, धूर आणि अत्तर या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. वाटेत सालईच्या खोडाजवळ मुलांना थांबवणार आहे: तिच्या सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात, आणि खोडावर ओरखडा पडला की पाझरणाऱ्या डिंकाला धुपासारखा वास येतो. मात्र तो ओरखडा आपण काढायचा नाही.

परत आल्यावर उन्हाची वेळ मंदिरात घालवायची. येथील शिलालेख मुलांना दाखवल्याशिवाय मी परतणार नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि त्या मठाला १२०७ साली मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे. मुख्य लेख संस्कृतात असला तरी शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. शाळेत पाढे पाठ करणाऱ्या आमच्या भाच्याला, गणित शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात मठ होता, हे त्या दगडासमोर उभे राहून कळले पाहिजे.

शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी पुरेत. चूल किंवा स्टोव्ह मुळीच पेटवायचा नाही, कारण वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. पाणी माणशी दोन लिटर घरूनच न्यावे आणि रिकाम्या बाटल्या, केळीच्या सालींसकट, परत आणाव्यात. डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी भाऊजींना लिहून दिले आहे. दुपारी दोनपर्यंत आमचा फोन आला नाही, तर त्यांनी वन विभागाच्या नाक्याशी संपर्क साधायचा आहे.