चारपैकी एक प्लेट कोरडीच राहत होती

घरी स्पिरिट गाळायला बांधलेला कॉलम, म्हणजे आत भोकं पाडलेल्या चार प्लेट्स एकावर एक बसवलेली, समोर काच असलेली तांब्याची जाड नळी, उभा करून पहिल्यांदा त्याच्याखाली नुसतं पाणी उकळायला लावलं, तेव्हा मी काचेसमोरून तासभर हलले नाही. प्रत्येक प्लेटवर बोटभर पाणी साचेल आणि त्यातून वाफ बुडबुडत वर चढेल, हे चित्र कित्येक आठवडे डोळ्यांसमोर होतं. प्रत्यक्षात चाळणीतून गळावं तसं पाणी सगळ्या भोकांमधून सरळ खाली जात होतं. चारही प्लेट्स नुसत्या ओल्या, भरलेली एकही नाही.

परवान्याचं आधी सांगते, कारण माझ्या कामाची सुरुवात तिथूनच झाली. पिण्याच्या स्पिरिटचं ऊर्ध्वपातन घरी करायला बहुतेक देशांत परवाना लागतो, आणि काही ठिकाणी तर नुसतं यंत्र जवळ बाळगायलाही लागतो. मी अर्जासोबत कॉलमचं मापांसकट चित्र जोडलं होतं. उत्तर यायला वेळ लागला, पण त्या सक्तीच्या थांबण्यात माझं चित्र तीनदा सुधारलं. परवाना हातात येईपर्यंत तांब्याचा एक तुकडाही कापला नव्हता, आणि ते बरंच झालं. पहिल्या चित्राप्रमाणे कापलं असतं तर सगळं तांबं वाया गेलं असतं.

साधं भांडं, वर नळी, पुढे वाफेचा द्रव करणारा थंड पाण्याचा कंडेन्सर एवढ्यानंही काम होतं. मग प्लेट्सचा खटाटोप कशाला? १० टक्के अल्कोहोल असलेलं द्रावण उकळलं की त्याच्या वाफेत अल्कोहोल निम्म्याहून जास्त असतं. ती वाफ थंड करून पुन्हा उकळली तर आणखी वाढतं. साध्या भांड्यात त्यासाठी दोन-तीनदा गाळावं लागतं. प्लेट कॉलममध्ये हे सगळं एकाच वेळी, एकावर एक चालतं. खालून येणारी वाफ प्लेटवरच्या द्रवात शिरते, तिच्यातलं पाणी जास्त प्रमाणात द्रवात उतरतं आणि त्या उष्णतेनं द्रवातलं अल्कोहोल सुटून वर निघतं. १९२५ साली मॅककेब आणि थीले यांनी हे कागदावर पायऱ्यांसारखं काढून दाखवण्याची रीत मांडली. मी ती आकृती हातानं काढली तेव्हा कळलं, की पहिली पायरी उंचच उंच असते आणि वरच्या बारीक होत जातात. कितीही प्लेट्स लावल्या तरी साध्या हवेच्या दाबाला वजनानं साधारण ९५.६ टक्क्यांपाशी वाट संपते, कारण तिथे द्रव आणि वाफ यांचं प्रमाण एकच होतं. मला तिथवर जायचंच नव्हतं. चव थोडी उरायला हवी होती, म्हणून चार प्लेट्स.

कॉलम १०० मिलिमीटर व्यासाचा, तांब्याचा, समोर उष्णता सोसणाऱ्या जाड बोरोसिलिकेट काचेच्या खिडक्या. काचा नसत्या तर खर्च आणि त्रास दोन्ही कमी झाले असते. पण पुढे जे काही चुकलं ते मला दिसलं, अंदाज बांधत बसावं लागलं नाही, ते या काचांमुळेच. प्लेट्स दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या. प्रत्येक प्लेटमध्ये २२ मिलिमीटरची एक नळी, म्हणजे डाऊनकमर. तिचं वरचं तोंड प्लेटच्या १२ मिलिमीटर वर राहतं. द्रव तेवढ्या उंचीपर्यंत साचतो आणि जास्तीचा नळीतून खालच्या प्लेटवर उतरतो. नळीचं खालचं टोक खालच्या प्लेटवरच्या द्रवात बुडलेलं असावं लागतं. वाफेनं भोकांतून वर जायचं, द्रवानं नळीतून खाली यायचं, आणि दोघांनी एकमेकांची वाट अडवायची नाही.

सगळे जोड शिसं नसलेल्या डाखानं केले. जुन्या डाखात शिसं असतं आणि पोटात जाणाऱ्या वस्तूच्या वाटेवर ते नको, यात तडजोड नाही. जोडांमध्ये घट्ट बसणाऱ्या चकत्या, म्हणजे गॅस्केट्स, टेफ्लॉनच्या. रबर किंवा साधं प्लॅस्टिक गरम अल्कोहोलच्या वाफेत टिकत नाही, त्यातलं काय काय सुटून बाटलीत येईल सांगता येत नाही. डाख देताना पहिल्या दोन नळ्या वाकड्या बसल्या, त्या तापवून काढून पुन्हा लावल्या. याहून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

तर ती गळती. पहिल्या प्लेट्सना मी ३ मिलिमीटरची १८० भोकं पाडली होती. जितकी भोकं जास्त तितकी वाफ मोकळी, असा माझा समज. गणित करायला मी गळती पाहिल्यावर बसले. माझा हीटर ३ किलोवॉटचा. एवढ्या उष्णतेनं सेकंदाला साधारण सव्वादोन लिटर वाफ तयार होते. भोकांचं एकूण क्षेत्रफळ १२.७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे वाफ भोकातून सेकंदाला दोन मीटरपेक्षाही कमी वेगानं जात होती. अंगावर उभा असलेला द्रव पेलून धरायला एवढा जोर पुरत नाही. वाफेचा वेग हाच भोकाचा बूच असतो, ही गोष्ट मला त्या रात्री समजली. भोक मोठं केलं की बूच सैल पडतो.

नव्या प्लेट्सना २ मिलिमीटरची १२० भोकं पाडली. क्षेत्रफळ पावणेचार चौरस सेंटिमीटरवर आलं आणि वेग तिपटीहून वाढून सेकंदाला सहा मीटरच्या आसपास गेला. प्रत्येक भोकाची कड दोन्ही बाजूंनी कानसून साफ केली, कारण राहिलेल्या कडेला थेंब चिकटतो आणि तिथूनच गळायला लागतं. ४८० भोकं. तीन संध्याकाळी गेल्या आणि अंगठ्याला फोड आला, पण पुढच्या चाचणीला वरच्या तीन प्लेट्स भरल्या! काचेमागे फेसाळ पाणी नाचत होतं आणि कॉलममधून बारीक, एकसुरी घरघर येत होती. मी दिवा बंद करून, मागून विजेरी धरून ते पाहत बसले.

चौथी प्लेट, सगळ्यात खालची, कोरडी.

ती कोरडी का, यावर मी आठवडा घालवला. भोकं मोजली, बरोबर होती. प्लेट सपाट आहे का ते पाणसळ लावून बघितलं. प्लेट एका बाजूला जरा कलली तरी द्रव तिकडे जमतो आणि वाफ उथळ बाजूनं निसटते. पण पाणसळीतला बुडबुडा मधोमध होता. हीटर कमी-जास्त करून झाला. ज्या कारागिरानं फ्लॅन्ज, म्हणजे कॉलमचे भाग जोडणाऱ्या कडा, कातून दिल्या होत्या, त्यांना शेवटी बोलावलं. त्यांना ऊर्ध्वपातनातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी खालून वर पाहिलं आणि विचारलं, "ताई, वरच्या नळ्या पाण्यात बुडतात. ही शेवटची कशात बुडते?"

कशातच नाही! तिच्याखाली प्लेट नव्हती, सरळ पाणी उकळण्याचं भांडं, म्हणजे बॉयलर होता. खालून येणारी सगळी वाफ बारीक भोकांची अडचण कशाला सोसेल? तिला २२ मिलिमीटरचा हमरस्ता उघडा होता. वाफ नळीतूनच वर घुसत होती आणि उतरणारं पाणी वरच्या वर उडवून लावत होती. त्या नळीच्या टोकाखाली तांब्याची एक छोटी वाटी डाखून बसवली. नळीचं टोक वाटीत, वाटी भरली की पाणी काठावरून बॉयलरमध्ये. वाटी करायला अर्धा तास पुरला. त्यानंतर चौथी प्लेट इतरांइतकीच भरली. माझं सगळं लक्ष वर जाणाऱ्या वाफेवर होतं. अडत होतं ते मात्र प्रत्येक वेळी खाली येणाऱ्या द्रवापाशी.

म्हणूनच वरचा डिफ्लेग्मेटर हा मला कॉलमचा खरा लगाम वाटतो. उभ्या नळ्यांचा छोटा कंडेन्सर, बाहेरून थंड पाणी. वर आलेल्या वाफेचा काही भाग तो द्रव करून परत प्लेट्सवर पाठवतो. पाणी पूर्ण सोडलं तर सगळंच परत जातं आणि बाहेर थेंबही येत नाही. सुरुवातीला असंच ठेवायचं, प्लेट्स भरू द्यायच्या, थर्मामीटर स्थिर होऊ द्यायचा. मग पाणी अगदी केसभर कमी करायचं. मी आधी साधी तोटी लावली होती, ती जरा फिरवली की एकदम सगळं उघडायचं. सुईसारख्या टोकाची व्हॉल्व्ह लावल्यावर हात बसला.

स्पिरिटची पहिली फेरी मी दोन धुण्यांनंतर केली. एक पाणी आणि व्हिनेगर घालून, दुसरी थोडं अल्कोहोल घालून. दोन्हींचं निघालेलं सगळं फेकून दिलं. नव्या तांब्यावर डाख धरावा म्हणून लावलेला फ्लक्स राहिलेला असतो. एक गोष्ट लक्षात आली. नुसत्या पाण्यावर प्लेट्समधून अजून थोडं टपकत होतं, ते स्पिरिटवर जवळजवळ थांबलं. पाण्याची वाफ हलकी असते, त्याच वेगाला तिचा रेटा कमी पडतो. अल्कोहोलची वाफ जड.

ती जड असते म्हणूनच भीतीही तिचीच. गळालेली वाफ हवेत वर न जाता जमिनीलगत पसरते आणि हवेत साधारण ३.३ टक्के झाली तरी पेट घेऊ शकते. अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. त्यामुळे खाली ज्योत नाही, फक्त आवरणातला विजेचा हीटर. दारं-खिडक्या उघड्या, शेजारी अग्निशामक, आणि कंडेन्सरचं तोंड कायम मोकळं. या यंत्रात वाफेची वाट बंद करणारी एकही तोटी असता कामा नये. कंडेन्सरचं पाणी आधी, हीटर नंतर. आणि हीटर चालू असताना मी खोली सोडत नाही, फोन वाजला तरी.

पहिला काढलेला भाग वेगळा ठेवून टाकून दिला. त्यात ॲसिटाल्डिहाइडसारखे उग्र वासाचे हलके पदार्थ असतात. त्यासोबत सगळं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, निघून जातं, असं लोक खात्रीनं सांगतात, ते खरं नाही. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू ६४.७ अंश असला तरी पाण्या-अल्कोहोलच्या मिश्रणात ते पूर्ण फेरीभर थोडं थोडं येत राहतं. त्यामुळे मुळात आंबवायला काय घेतो ते महत्त्वाचं. फळांच्या गरातल्या पेक्टिनपासून ते तयार होतं, साखरेच्या द्रावणात नगण्य असतं. कुठून आलं माहीत नाही असं औद्योगिक अल्कोहोल तर कोणत्याही कॉलमनं पिण्याजोगं होत नाही.

मग मधला भाग. वरचा थर्मामीटर ८० अंशांच्या जरा वर जवळपास दोन तास हलला नाही. नमुना २० अंशांना आणून मोजला, ८६ टक्के भरला. शेवटी पारा चढू लागला, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तिथे थांबले.

दुसऱ्या दिवशी कॉलम उघडला. सगळ्यात खालच्या प्लेटची खालची बाजू काळी पडली होती. आंबवणातली गंधकाची संयुगं तांब्याशी अशी चिकटून बसतात, नाहीतर ती बाटलीत उतरली असती. त्यावरची प्लेट तपकिरी, तिच्यावरची फिकट. सगळ्यात वरची बसवली त्या दिवशी होती तशीच लखलखीत होती. काळी प्लेट सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात टाकली आणि वाटीचा डाख कुठे सुटला नाही ना, ते बोटानं चाचपून पाहिलं.